शिवणीतली माया

३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून माझा इतिहास सुरू. कालपर्यंत होता तो प्रागितिहास.

हे माझं नाही, आमच्या इतिहासाच्या बाईंचं म्हणणं. ज्या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांच्या काळाला प्रागितिहास म्हणायचं आणि लिहायला लागले की इतिहास. म्हटलं, म्हणजे मी तेरा वर्षं प्रागैतिहासिकच होते की! घरी आल्याआल्या गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं फाडली आणि आईला म्हटलं, शिवून दे. तिनं मशीनवर घेतली आणि दोन टिपा मारून दिली.

"काय लिहिणार आहेत वकीलबाई?"

"खासगी आहे."

"बरं बाई. शिलाईपण खासगी समज."

वकीलबाई म्हणजे मी. ऊठसूट "कशावरून?" विचारते म्हणून आईनं ठेवलेलं नाव.

बाई या वर्षी नव्या आल्यात. पहिल्याच तासाला त्यांनी पिशवीतून खापरं काढून टेबलावर ओतली. जुन्या मडक्यांचे तुकडे. मधली सुट्टी व्हायच्या आत त्यांचं नाव खापरबाई पडलं. एका खापरावर मडकं करणाऱ्याच्या बोटाचा ठसा होता, त्यात त्यांनी आम्हाला एकेकाला बोट ठेवायला लावलं. माझं बोट बरोबर मावलं. बाई म्हणाल्या, "हे बोट कोणाचं असेल?" माझ्या शेजारी पोपट बसतो, त्याला अख्खं पुस्तक पाठ असतं. तो उभा राहून म्हणाला, "बाई, धड्यात दिलेलं नाही." सगळे हसले. बाई म्हणाल्या, "नाहीच दिलेलं. म्हणून तर विचारते."

मला बाई आवडल्या.

११ ऑगस्ट

आज "इसवी सनापूर्व" झालं. बाईंनी विचारलं, पूर्व म्हणजे काय? पोपट म्हणाला, "जिकडून सूर्य उगवतो ती दिशा." म्हणजे पिरॅमिड इसवी सनाच्या उजव्या हाताला बांधले. बाईंना हसू आवरेना.

पण मग फळ्यावर रेघ काढून त्यांनी जे सांगितलं त्यात माझं डोकं अडकलं. तेव्हाची वर्षं उलटी मोजतात. पाचशेनंतर चारशे नव्व्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव. मी विचारलं, "बाई, त्या लोकांना माहीत होतं का, आपण उलटं चाललोय ते?"

"नाही गं. त्यांना त्यांचं वर्ष पुढंच जाताना दिसायचं. उलटं आपण मोजतो, कारण पुढं काय झालं ते आपल्याला माहीत आहे."

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. आई म्हणाली, "बाई हुशार दिसतात तुमच्या." बाबा जेवता जेवता उठले आणि स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला लागले. नळ गळत नव्हता. बाबांना इतिहासाची पहिल्यापासून नावड आहे.

आईचा अशक्तपणा अजून गेलेला नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्यात.

२३ ऑगस्ट, रविवार

आज घरात उलथापालथ. बाबांनी आणि सायकलवाल्या काकांनी मिळून आतल्या खोलीतला पलंग बाहेर आणला आणि खिडकीशी लावला. सायकलवाले काका म्हणजे खालच्या दुकानातले, आम्ही त्यांच्या डोक्यावर राहतो. आई म्हणाली, इथं ऊन छान येतं. मशीन आता पलंगाच्या अगदी पायथ्याशी आलंय. बसल्या जागी काम होईल म्हणे.

मावशीपण आलीय राहायला. किती दिवस विचारलं तर म्हणाली, "मी आलेली बघवत नाही का तुला?" मावशीला साधा प्रश्न विचारायची सोय नाही.

बाबा स्वयंपाक शिकतायत. हा सगळ्यात मोठा विनोद. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, घरी त्यांनी आजवर पाणीसुद्धा उकळलेलं नाही. आईनं सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. मीठ. साखर. एका डब्यावर "चहाला एवढीच" लिहून आत चमचा टाकलाय. आज बाबांनी केलेल्या भाताची खीर झाली होती आणि डाळीची वीट. आईनं ताट पुसून खाल्लं. मी म्हटलं, "खोटं कौतुक करू नये, त्यानं माणूस बिघडतो." मावशीनं टेबलाखालून मला चिमटा काढला.

आणखी एक. बाबांना कोणी विचारलं, काय काम करता, की त्यांची ठरलेली कोटी असते, "वर गेलेल्यांना सुखरूप खाली आणतो." गेली कित्येक वर्षं ऐकून आमचे कान किटलेत. आज सायकलवाल्या काकांच्या पाहुण्यांनी विचारलं तर नुसतं "लिफ्टचं काम" म्हणाले. बरं झालं, कंटाळा आला असेल त्यांनाच.

५ सप्टेंबर

आईनं मला नवा स्कर्ट शिवलाय शाळेचा. घालून बघितला तर खाली पोटऱ्यांपर्यंत! मी म्हटलं, "हे काय? नजरेनं माप घेणारी बाई तू, आणि पोटच्या पोरीचं माप चुकलीस?"

"चुकले नाही. माया जास्त सोडलीय, आत दुमडून देते."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. पुढं अंग भरलं, उंची वाढली की शिवण उसवायची आणि माया सोडायची, तोच कपडा पुन्हा बसतो. गिऱ्हाइकं नेहमी कटकट करतात, माया कमी ठेवा, कापड वाचवा. आई त्यांना म्हणते, "माया कमी ठेवली की कपडा एकाच वर्षाचा होतो."

तर तो दुमडलेला स्कर्ट कपाटात ठेवायला गेले आणि मला तिथं आणखी दोन सापडले. तेच निळं कापड, तीच चुण्यांची पद्धत. एक माझ्यापेक्षा उंच मुलीचा आणि दुसरा त्याहून उंच मुलीचा. नवं काम घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय आणि ही गुपचूप दुसऱ्या मुलींचे गणवेश शिवतेय!

मी सरळ विचारलं, "हे कोणाचे?"

"आहे एक मुलगी."

"आपल्या शाळेतली?"

"हो. तुझ्यासारखीच आहे. जरा उंच. भांडते फार."

"मग तिला तिची आई नाही का शिवायला?"

आईनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "शिवतेय ना." मला राग आला. माझ्या आईनं कोणा दुसऱ्या मुलीबद्दल इतक्या लाडानं बोललेलं मला चालत नाही. आता शाळेत बघतेच, कोण आहे ती उंच भांडखोर.

१९ सप्टेंबर

बाईंनी प्रकल्प दिलाय. "आमच्या घराचं उत्खनन." घरातली माणसं नाहीत असं समजायचं. हजार वर्षांनी कोणी हे घर खणलं तर त्याला काय सापडेल आणि त्यावरून तो काय म्हणेल, ते लिहायचं. अट एकच. माणसांना विचारायचं नाही, फक्त वस्तूंना विचारायचं. दोन दिवस खपून केलाय. इथंही उतरवून ठेवते, कारण झकास झालाय.

पुरावा: मोठा पलंग, ऊन येणाऱ्या खिडकीला चिकटून. निष्कर्ष: हे लोक सूर्यपूजक असावेत.

पुरावा: डब्यांवर चिठ्ठ्या, सगळ्या एकाच अक्षरात. निष्कर्ष: या घरात एकालाच लिहिता येत होतं आणि बाकीचे विसराळू होते.

पुरावा: डोक्याला बांधायचे रंगीत रुमाल, पुष्कळ. निष्कर्ष: घरात वरच्या दर्जाची स्त्री राहत असावी. राणी किंवा पुजारीण.

पुरावा: गोळ्यांची रिकामी पाकिटं, मोठी पिशवी भरून. निष्कर्ष: औषधांचा व्यापार चालत असावा.

पुरावा: एकाच कापडाचे, एकाच हाताने शिवलेले, चढत्या मापाचे तीन स्कर्ट. निष्कर्ष: या घरात तीन बहिणी होत्या.

खाली टीप दिली: "प्रत्यक्षात मी एकटीच आहे. यावरून पुरावा कसा फसवतो ते दिसते." बाई खूश होणार.

२८ सप्टेंबर

झाल्या नाहीत.

वर्गात एकेकाचं वाचून दाखवत होत्या. पोपटाच्या घरी सतरा घड्याळं निघाली, सगळी बंद, त्याचे आजोबा जमवतात. सगळे लोळत होते हसून. मग माझं घेतलं. सूर्यपूजकाला हसू आलं बाईंना. चिठ्ठ्यांनाही आलं. मग रुमाल वाचले आणि जरा थांबल्या. पुढचं मनात वाचत गेल्या. मी म्हटलं, "बाई, मोठ्यानं." बाई म्हणाल्या, "घसा बसलाय जरा." आणि कागद घडी करून पुस्तकात ठेवला.

तास संपल्यावर मला विचारलं, "आई काय करते तुझी?"

"शिवणकाम. सध्या अशक्तपणा आहे."

"हं," म्हणाल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उचलायचा विसरून गेल्या. बहुतेक "औषधांचा व्यापार" चुकलाय. तसं होतं तर स्पष्ट सांगायचं, मी काय रडणार होते?

१ ऑक्टोबर

बाई घरी आल्या! हातात ड्रेसचं कापड. मला वाटलं माझी तक्रार घेऊन आल्या, पण म्हणाल्या, शिवायचंय. मावशी म्हणाली, "ती आता नवं काम घेत नाही." आई आतून म्हणाली, "येऊ दे गं त्यांना."

मला दूध आणायला पिटाळलं. परत आले तर दार लोटलेलं. मावशी दाराबाहेर उभी राहून एकच कपडा पुन्हा पुन्हा घडी करत होती. आतून आधी हसणं ऐकू आलं, आईचं. मग दोघींचे आवाज एकदम खाली गेले. बाई बाहेर आल्या तेव्हा कापड तसंच हातात होतं. नाक लाल. जाताना मला म्हणाल्या, "प्रकल्प छान आहे तुझा." मी विचारलं, "मग मार्क?" त्यावर बाई भराभर जिना उतरल्या.

२ ऑक्टोबर

आज लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

शाळेतल्या गांधी जयंतीच्या कार्यक्रमाहून आले तर आई गळ्यात टेप घालून बसलेली. म्हणाली, "इकडं ये. सरळ उभी राहा. हात वर."

"माझं माप पाठ आहे तुला."

"असू दे."

तिनं उंची घेतली, कंबर घेतली, खांदे घेतले. आकडे बोलली नाही, लिहूनही घेतले नाहीत. मग म्हणाली, "तुझं उत्खनन वाचलं मी, बाईंनी दाखवलं. सूर्यपूजक काय! हसून हसून पोट दुखलं. सगळं झकास आहे. एकच निष्कर्ष चुकलाय."

"औषधांचा ना? मला वाटलंच."

"नाही. त्या घरात तीन मुली नाहीत."

तिनं मावशीला तिन्ही स्कर्ट कपाटातून काढायला लावले आणि पलंगावर एकाशेजारी एक मांडले. "ही चौदाची. ही पंधराची. ही सोळाची. मुलगी एकच आहे."

मी म्हटलं, "मग दर वर्षी शीव की एकेक. सगळे आत्ताच कशाला?"

आईनं टेप बोटाला गुंडाळायला घेतली. गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मी म्हटलं, "कशावरून?" ती काहीच म्हणाली नव्हती. तरी मी म्हणत राहिले, "कशावरून पण? कशावरून?"

"डॉक्टर म्हणाले म्हणून," आई म्हणाली.

मग मी विचारलं, सतराचा का नाही शिवला. हे का विचारलं मला माहीत नाही. दुसरं काहीही विचारायला हवं होतं.

"सतराची तू मला दिसत नाहीस गं," ती म्हणाली. "खूप बघितलं. सोळापर्यंतच नजर पोचली."

३ ऑक्टोबर

सगळ्यांना माहीत होतं. मावशीला, सायकलवाल्या काकांना, बाबांना तर उन्हाळ्यापासून. बाईंना माझ्याच कागदावरून कळलं. पुरावे मी गोळा केले, निष्कर्षही मीच काढले आणि घरात मीच तेवढी मूर्ख.

५ ऑक्टोबर

आज सोळाचा स्कर्ट उसवून टाकला. सगळा. चुण्या, पट्टा, शिवणी, एक टाका ठेवला नाही. सुटे तुकडे करून पलंगावर टाकले आणि म्हटलं, "घे."

आता तो पुन्हा शिवावा लागेल. आई काम अर्धं टाकून उठलेली कोणी कधी पाहिलेली नाही. ते पुरं होईपर्यंत तिला थांबावंच लागेल.

६ ऑक्टोबर

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसते हात पुढे केले. बोटांची टोकं बधिर झालीत, सुई धरली की पडते. मला हे माहीत नव्हतं. चुण्या तिनं कशा घातल्या असतील कोण जाणे.

"तुकडे गोळा कर," म्हणाली, "आणि बस मशीनवर."

"मला येत नाही."

"मला तरी पोटातून येत होतं का? दोरा ओव."

दोरा ओवण्यातच संध्याकाळ गेली. पहिली टीप मारली ती साप गेल्यासारखी. आई पलंगावरून म्हणाली, "उसव." दुसरी मारली. "उसव." तिसरीला मी रडायला लागले तर म्हणाली, "रडायला हरकत नाही, पण पाय थांबवू नकोस. मध्येच थांबलं की दोरा गुंततो."

१८ ऑक्टोबर

रोज शाळेतून आले की मशीन. शाळेत बाई टिपा लिहायला सांगतात, घरी आई टिपा मारायला लावते. हे मी म्हटल्यावर आई इतकी हसली की मावशी धावत आली.

आता मी काम करताना तिला धडे सांगते. तिला राजे आवडत नाहीत, मातीच्या विटांची शहरं आवडतात. आज नदीकाठच्या शहराचं सांगितलं. नदीनं पात्र बदललं, पाणी तुटलं, माणसं हळूहळू निघून गेली.

"सगळी एकदम?"

"नाही. बाई म्हणतात, आधी मोठी घरं रिकामी झाली. मग एकेक."

"जाताना रडली असतील ना?"

"त्याचा पुरावा मिळत नाही. चूल सापडते, मणी सापडतात. रडल्याचं काही राहत नाही."

आई खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "बरंच आहे. नाहीतर खणणाऱ्यांनी कामच टाकलं असतं." आणि लगेच, "बोलण्याच्या नादात माया कमी सोडलीस बघ. उसव."

मला हल्ली ती "उसव" म्हणाली की बरं वाटतं. उसवलं म्हणजे उद्याला काम उरलं. मी मुद्दाम चुकते कधीकधी. तिला कळत असणार. तिच्या नजरेतून टाका सुटत नाही.

२ नोव्हेंबर

स्कर्ट झाला. आता मुद्दाम चुकायलाही काही उरलं नाही. आईनं डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवला, बोटाला लागत नाही म्हणून मग गालावर फिरवला. "चालेल," म्हणाली. गिऱ्हाइकाला ती कधीच "चालेल" म्हणत नाही, एक तर "छान" नाहीतर "परत करते". मी म्हटलं, "म्हणजे परत करू?" तर माझा हात धरला आणि म्हणाली, "नको. राहू दे आता."

१२ नोव्हेंबर

आई काल दुपारी गेली. बाबा होते, मी होते. मावशी खाली गेली होती. त्याआधी आईनं चहा मागितला, बाबांनी करून दिला. एक घोट घेतला आणि म्हणाली, "जमला." ऊन पलंगावरच होतं.

आज घर माणसांनी भरलंय. सगळे मला बाळ म्हणतायत, पोरी म्हणतायत. वकीलबाई कोणी म्हणालं नाही.

३० नोव्हेंबर

शाळेत गेले. सगळे माझ्याशी हळू बोलतात, मी काचेची असल्यासारखे. पोपटानं मधल्या काळातल्या सगळ्या वह्या मला उतरवून दिल्या, स्वल्पविरामासकट. त्याला काय बोलावं सुचलं नाही, म्हणून म्हणाला, "पाचवा धडा परीक्षेला नक्की आहे."

पाचवा धडा राजांच्या कबरींचा. राजाला पुढच्या प्रवासात लागतील म्हणून त्याच्याबरोबर धान्य, कपडे, दागिने, होड्या ठेवत. बाईंनी दोन ओळी वाचल्या, माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. मी हात वर केला.

"बाई, गाळू नका. मला विचारायचंय."

"विचार."

"मागं राहणाऱ्यांनी गेलेल्याला सगळं दिलं, ते सापडलं. जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्यांसाठी काही ठेवलं, असं कुठं सापडलंय का?"

बाई म्हणाल्या, "असेलही. पण ते कबरीत कसं सापडेल? ते लोकांनी वापरून संपवलं असेल." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फळ्याकडं तोंड करून खडू शोधायला लागल्या. खडू त्यांच्या हातातच होता.

संपवलं असेल, हे मला आवडलं नाही.

१४ डिसेंबर

शाळेत नर्सबाईंनी सगळ्यांचं वजन-उंची घेतलं. मला म्हणाल्या, "अरे वा, किती भराभर वाढतेस!" मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. घरी येऊन चौदाचा स्कर्ट घालून बघितला. मला चौदा पूर्ण व्हायची आहेत अजून, आणि तो बरोबर बसला. आईनं धरलं होतं त्याच्या आधीच.

हिशेब सरळ आहे. अशीच वाढले तर पंधराचा लवकर लागेल, सोळाचा त्याहून लवकर. त्याच्यापुढं माझं माप आईकडं नाही. वाढलेच नाही तर तीन स्कर्ट जन्मभर पुरतील.

दूध बंद केलंय. मोरीत ओतते. भात अर्धाच घेते.

२७ डिसेंबर, रविवार

मावशीला दुधाचं कळलं. मोरीला वास यायला लागला म्हणे. आज जेवायला बसल्यावर फुटली एकदम. "ही दूध ओतून देते, तुम्ही ताट चिवडून उठता. मी रांधते कोणासाठी? भिंतींसाठी? ती गेली ती गेली, आता तुम्ही दोघं वाळून जा म्हणजे मीही मोकळी!" आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी बाबांकडं बघितलं. तेव्हा लक्षात आलं की मी कितीतरी दिवसांत बाबांकडं बघितलंच नव्हतं. शर्टाच्या गळ्यात दोन बोटं जातील एवढी जागा. कमरेला पट्टा आवळलेला, त्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक, आणि पँटच्या चुण्या पडलेल्या, पिशवीचं तोंड बांधल्यासारख्या. ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "दूध का ओततेस?"

मी सांगितलं. सगळं. तीन स्कर्ट जन्मभर पुरतील तेही.

बाबा बराच वेळ ताटातला भात एका बाजूला सारत होते. शेवटी मीच विचारलं, "तुमच्यासाठी काय शिवलं आईनं?"

"माझ्यासाठी? काही नाही." ते हसायला गेले. "मी म्हटलं होतं तिला, पोरीचंच शिवतेस, माझं काय? तर म्हणाली, तुमचं माप आता काय बदलायचंय."

मी म्हणणार होते, आई मापात कधी चुकत नाही. पण तो पट्टा समोर होता.

"चुकली," मी म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की मला बघवेना. एवढा मोठा माणूस. मी उठले, मशीनवरची टेप आणली आणि म्हटलं, "उभे राहा. हात वर."

ते उभे राहिले. भाताचा हात तसाच वर. मी कंबर घेतली, दोनदा घेतली, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही.

दुपारी त्यांची कामावरची पँट मागच्या शिवणीत आत घेतली. आधी मारलेली टीप मीच उसवली, दुसरी जरा बरी आली. मावशी शेजारी येऊन बसली होती, डोळे सुजलेले. म्हणाली, "आत किती कापड राहिलंय ते, टोचेल त्यांना. कापून टाक." मी म्हटलं, "नको. ते परत जेवायला लागले की सोडावं लागेल."

बाबांनी पँट घालून दाखवली. पट्टा लागला नाही. मग मावशीनं पुन्हा पानं मांडली, आणि भात मी मागून घेतला.